तेल-भूवैज्ञानिकांच्या व्यवसाय-संघाचे एक वर्ष (१९८०) आणि डहाणू–तलासरीचा किनारा

प्रस्तावना

डहाणू व तलासरी या तालुक्यांचा आधुनिक इतिहास लिहिताना अभ्यासकाची लेखणी सहसा दोन वाटांनी जाते. पहिली वाट १९४५ च्या वारली आंदोलनाची होय. झरी येथील सभा, वेठबिगारीविरुद्धचा उठाव आणि गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे टप्पे त्या वाटेवर ओळीने येतात. दुसरी वाट पर्यावरणाची. २० जून १९९१ ची केंद्र शासनाची अधिसूचना, १९९६ मधील सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, न्या. चं. शं. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण, औष्णिक वीज केंद्र आणि वाढवण बंदराचा दीर्घ वाद यांतून ती पुढे जाते. या दोन्ही वाटांवर पुरेसे लेखन झाले आहे व होत आहे. तिसरी वाट मात्र जवळजवळ कोणी चाललेले नाही. या भूमीच्या आणि तिच्या समोरच्या समुद्राच्या पोटात काय आहे याचे ज्ञान केव्हा, कोणी, कशासाठी मिळविले आणि ते कोणासाठी लिहून ठेवले, हा प्रश्न त्या वाटेवरचा आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे एका अनपेक्षित साधनाच्या आधारे पाहिले आहे. ते साधन म्हणजे तेल-भूवैज्ञानिकांच्या एका व्यवसाय-संघाचे वार्षिक कार्य. व्यवसाय-संघांची प्रकाशने, अधिवेशने व समित्या यांकडे इतिहासाचा अभ्यासक बहुधा वळत नाही. ती त्या त्या शास्त्राची अंतर्गत बाब आहे असे समजून तो पुढे जातो. परंतु १९८० या एका वर्षात अशा संघाने जे प्रकाशित केले, त्यातून उत्तर कोकणासमोरचा समुद्र जगाच्या तेल-नकाशावर सविस्तर उमटला. त्या नकाशात काय आले याबरोबरच काय आले नाही, हेही पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

संघाचा जन्म : एका महाविद्यालयात

अमेरिकन असोसिएशन ऑफ पेट्रोलियम जिऑलॉजिस्ट्स ही संस्था आज जागतिक समजली जाते. तिचा आरंभ मात्र निव्वळ प्रादेशिक होता. फेब्रुवारी १९१७ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील तुलसा येथे, हेन्री केंडल कॉलेज या लहानशा महाविद्यालयात, आसपासच्या तेलक्षेत्रांत काम करणारे भूवैज्ञानिक एकत्र जमले आणि त्यांनी ‘साउथवेस्टर्न असोसिएशन ऑफ पेट्रोलियम जिऑलॉजिस्ट्स’ स्थापन केली. पुढल्याच वर्षी नावातील ‘साउथवेस्टर्न’ जाऊन ‘अमेरिकन’ आले. एका प्रांतातील मंडळींचा संघ एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात जन्माला येतो आणि काही दशकांत जगभरच्या तेलशोधाची भाषा ठरवितो, ही गोष्ट महाविद्यालयीन प्राध्यापकांनी तरी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अशा संघाची गरज का भासली असावी? तेलाच्या धंद्यात विहिरीची नोंद ही कंपनीची मालमत्ता असते. कोणत्या खोलीवर कोणता खडक लागला, त्यात पाणी होते की तेल, ही माहिती प्रतिस्पर्ध्यापासून लपविण्यात पैसा असतो. भूविज्ञान मात्र तुलनेवर उभे आहे. शेजारच्या विहिरीत काय लागले हे कळल्याखेरीज आपल्या विहिरीचा अर्थ लागत नाही. गुप्तता आणि तुलना यांच्यातील या ताणातून व्यवसाय-संघाने मार्ग काढला. कंपनी आपल्या सोयीने जे उघड करू देईल ते एका समान परिभाषेत, नकाशे व छेद यांसह, नियतकालिकात छापावयाचे, आणि वार्षिक अधिवेशनात त्यावर चर्चा करावयाची. संघाचे वर्ष मुख्यतः अधिवेशन, मासिक ‘बुलेटिन’ आणि मधूनमधून निघणारे मोठे ‘मेमॉयर’ यांभोवती फिरते. यांतील प्रत्येक पान कोणाच्या तरी परवानगीने उघड झालेले असते, हे साधन म्हणून ते वापरताना विसरता येत नाही.

मुंबईच्या समुद्रात

स्वातंत्र्योत्तर भारतात तेलशोधाचे काम शासनाने आपल्या हाती घेतले. केशवदेव मालवीय यांच्या आग्रहातून १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. १९५८ मध्ये खंबातजवळ लुणेज येथे आणि १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल लागले. अंकलेश्वरपासून तलासरी फार दूर नाही. जो गाळाचा खोलगट पट्टा गुजरातेत जमिनीवर आहे तो दक्षिणेकडे खंबातच्या आखातात शिरतो आणि पुढे आपल्या किनाऱ्यासमोर पसरतो, ही कल्पना भूवैज्ञानिकांना तेव्हाच आली होती. १९६४ पासून ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाच्या साह्याने आखातात व त्याच्या दक्षिणेस भूकंपीय सर्वेक्षण झाले, आणि मुंबईच्या वायव्येस समुद्रतळाखाली एक विस्तीर्ण उंचवटा असल्याचे आढळले. या उंचवट्यालाच पुढे ‘बॉम्बे हाय’ हे नाव मिळाले.

भूकंपीय सर्वेक्षण म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण लेखाच्या उत्तरार्धात त्याचा संबंध येणार आहे. जहाजावरून पाण्यात कृत्रिम धक्का दिला जातो. त्या धक्क्याच्या लहरी समुद्रतळाखालील थरांवर आपटून परत येतात, आणि जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या लांब केबलमधील यंत्रे त्या टिपतात. लहर परत येण्यास किती वेळ लागला यावरून थराची खोली काढतात. सारांश, भूकंप जसा भूगर्भाची वार्ता देतो, तसा लहानसा कंप स्वतः निर्माण करून ती वार्ता मिळवावयाची.

जपानमध्ये बांधलेला ‘सागर सम्राट’ हा तरंगता वेधनमंच १९७३ मध्ये भारतात आला. त्याने मुंबई हायवरील पहिल्या विहिरीचे काम ३१ जानेवारी १९७४ रोजी सुरू केले आणि १९ फेब्रुवारी रोजी तेल लागले. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावरील या क्षेत्रातून २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी वसईचे नाव लाभलेल्या ‘बसीन’ क्षेत्राचा शोध लागला. १९७३ च्या तेलसंकटानंतरचा तो काळ होता. एका शोधाने देशाची मनःस्थिती किती बदलली याच्या आठवणी जुन्या वृत्तपत्रांत ठायी ठायी सापडतात; त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

१९८० : एका वर्षाची नोंद

१९८० हे वर्ष तेलाच्या इतिहासात अस्वस्थतेचे होते. इराणमधील क्रांतीनंतर जगात तेलाचे भाव पुन्हा भडकले होते. भारतात आसामच्या आंदोलनामुळे तेथील तेलाचा पुरवठा खंडित झाला होता. १९८०-८१ मध्ये देशाचे कच्च्या तेलाचे एकूण उत्पादन सुमारे १ कोटी ५ लक्ष टन इतकेच राहिले, आणि त्यात निम्म्याच्या जवळपास वाटा समुद्रातील क्षेत्रांचा होता. ईशान्येकडील तुटीचा भार अशा रीतीने पश्चिम किनाऱ्यावर आला.

याच वर्षी तेल-भूवैज्ञानिकांच्या संघाने मुंबईच्या समुद्राविषयी दोन महत्त्वाचे लेख छापले. पहिला ‘बुलेटिन’च्या चौसष्टाव्या खंडात आला. बसू, बॅनर्जी व ताम्हणे यांच्या या लेखाचा विषय मुंबई समुद्रद्रोणीतील तेल व वायूचे उगमप्रदेश आणि त्यांच्या स्थलांतराच्या दिशा हा होता. दुसरा लेख राव व तालुकदार यांचा. मायकेल हालबूटी यांनी संपादित केलेल्या, १९६८ ते १९७८ या दशकात सापडलेल्या महाकाय तेल-वायू क्षेत्रांवरील तिसाव्या मेमॉयरमध्ये तो समाविष्ट झाला. ‘महाकाय’ हा शब्द येथे अलंकारिक नाही. निदान पन्नास कोटी पिंपे तेल काढता येईल अशा क्षेत्रालाच त्या परिभाषेत हे विशेषण लागते. मुंबई हाय या पंक्तीत बसले, आणि शासकीय आयोगाच्या कागदपत्रांपुरते असलेले ज्ञान ह्यूस्टनपासून टोकियोपर्यंत कोणत्याही ग्रंथालयात वाचता येऊ लागले.

या दोन लेखांत राव–तालुकदारांचा लेख अधिक उद्धृत होतो, आणि ते स्वाभाविक आहे. शोधाची कथा नेहमीच अधिक वाचली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र आपल्या दृष्टीने महत्त्वाचा लेख पहिला होय. तेल कोठे सापडले यापेक्षा ते मुळात कोठे तयार झाले, हा त्याचा प्रश्न आहे, आणि हा प्रश्न विचारला की दृष्टी मुंबई हायच्या उंचवट्यावरून उतरून भोवतालच्या खोलगट भागांकडे वळते. त्यांतील एक मोठा खोलगट भाग ‘सुरत खळगा’ या नावाने ओळखला जातो. तो आणि तापी–दमण विभाग हे डहाणू व दमणच्या समोरच्या समुद्रात येतात. प्राचीन नर्मदा–तापींनी आणलेला गाळ येथे कित्येक किलोमीटर जाडीचा साठला आहे. मुंबई हाय हे नाव मुंबईचे. परंतु त्या तेल-वायूच्या जडणघडणीचा विचार उत्तर कोकणासमोरील समुद्र वगळून करता येत नाही.

थरांची नावे

तेल-भूवैज्ञानिक समुद्राखालील प्रत्येक शैलसमूहास एक स्थलनाम देतात. मुंबई समुद्रद्रोणीचा स्तरतक्ता पाहिला तर त्यात पन्ना, बसीन, हीरा, अलिबाग, रत्नागिरी, बांद्रा, माहीम, तापी, दमण, महुवा अशी नावे आढळतात. तक्त्याच्या अगदी वर, सर्वांत तरुण शैलसमूहाच्या जागी, ‘चिंचिणी’ हे नाव आहे. ते वाचताना डहाणू तालुक्यातील कोणाही माणसास तारापूरच्या खाडीपलीकडची आपली चिंचणी आठवल्यावाचून राहत नाही. ‘माहीम’ वाचून पालघरच्या विद्यार्थ्यास मुंबईचे नव्हे तर केळवे-माहीम आठवते, तसेच हे. वर्गात हा तक्ता दाखविला असता मुलांच्या चेहऱ्यांवर जे कुतूहल उमटते ते पाठ्यपुस्तकातील कोणत्याही आकृतीने उमटत नाही.

परंतु या नावांत एक विसंगती दडलेली आहे. नावे किनाऱ्याची, खडक समुद्रातला आणि वाचक परदेशातला. ज्या गावांची नावे थरांना लाभली त्या गावांत या थरांविषयी मराठीतून चार ओळी वाचावयास मिळणे आजही दुर्मीळ आहे. तेल मुंबई हायवरून नळाने उरणला गेले. बसीनचा वायू समुद्राखालच्या नळाने हजिऱ्याला. म्हणजे हा वायू पालघर व डहाणूच्या समोरून उत्तरेकडे जातो आणि गुजरातेत किनाऱ्यावर येतो. १९६० च्या राज्यपुनर्रचनेत ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुका गुजरातेत गेला, त्याची आठवण तलासरीत अद्याप निघते. या नळाची आठवण सहसा कोणी काढत नाही, कारण तो दिसतच नाही.

मच्छीमारांचा समुद्र

अशा लेखांतील नकाशांत किनारा ही एक साधी रेषा असते. रेषेच्या उजवीकडे कोरी जागा, डावीकडे खोलीच्या समोच्च रेषा. झाई-बोर्डीपासून डहाणू, वाढवण, चिंचणीपर्यंतच्या मांगेला, माच्छी व कोळी समाजाच्या दृष्टीने हाच समुद्र वेगळ्या नकाशाचा आहे. डोलीसाठी खुंट कोठे रोवायचे, बोंबील कोणत्या ओढीला येतो, पापलेट आणि घोळ कोणत्या खोलीवर, खडक कोठे आणि चिखल कोठे, याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होडीतून होडीत गेलेले आहे. समुद्रतळाचे हे दुसरे भूविज्ञान कोणत्याही बुलेटिनात नाही.

दोन नकाशांचा संघर्ष सर्वेक्षणाच्या हंगामात उघड होतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून सर्वेक्षणाची जहाजे उघडीपीच्या महिन्यांत येतात. मासेमारीचा हंगामही नेमका तोच. जहाजामागे कित्येक किलोमीटर लांबीची केबल असते. तिच्या वाटेत जाळी असू नयेत म्हणून मच्छीमारांना ते क्षेत्र सोडण्यास सांगितले जाते. जाळ्यांचे नुकसान, बुडालेले दिवस आणि धक्क्यांमुळे मासे दूर जाण्याची भीती या कारणांनी पालघर जिल्ह्यातील मच्छीमार संघटनांनी वेळोवेळी विरोध नोंदविला व भरपाई मागितली. तेलाची गरज देशाची आहे हे या संघटनांनाही मान्य आहे. त्यांचा प्रश्न साधा असतो : आमच्या समुद्राची जी माहिती तुम्ही घेता, तिच्यात आम्ही कोठे आहोत? १९८० च्या लेखांपुरते उत्तर द्यावयाचे तर, कोठेही नाही. लेखकांचा तो दोष म्हणता येणार नाही. त्या प्रकारच्या लेखनाची चौकटच तशी होती.

रेषेच्या उजवीकडे

आता नकाशातील कोऱ्या जागेकडे वळू. डहाणू–तलासरीची भूमी दख्खनच्या काळ्या पाषाणाची आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे हे थर. गंभीरगड आणि महालक्ष्मीचा सुळका ही त्यांची सर्वांच्या परिचयाची रूपे. तेल-भूवैज्ञानिकाच्या दृष्टीने हा पाषाण म्हणजे तळखडक, म्हणजे जेथे त्याचे कुतूहल बहुतांशी संपते. समुद्राखाली तेलधारक गाळाचे व चुनखडकाचे थर याच पाषाणावर, आणि काही ठिकाणी त्याहून जुन्या ग्रॅनाइटवर, बसलेले आहेत. जमिनीवर मात्र ते थर नाहीत, म्हणून येथे तेल शोधण्याचे प्रयोजन उरत नाही. डहाणूच्या टेकड्या आणि मुंबई हायचा पाया यांतील खडक एकाच ज्वालामुखीय घटनेचा आहे. एक उघडा आहे, दुसरा गाळाखाली गाडला गेलेला आहे.

हा पाषाण उघड्यावरून समुद्राखाली जातो कसा, याचा विचार जमिनीवरील भूवैज्ञानिकांनी फार पूर्वी केला होता. ब्लॅनफर्ड यांचा पश्चिम व मध्य भारतातील लाव्हाथरांवरील प्रबंध १८६७ चा. १९४९ मध्ये ऑडन यांनी पश्चिम भारतातील उभ्या अश्मभित्तींवर, म्हणजे डाइकांवर, लिहिताना किनाऱ्यालगत थर समुद्राकडे झुकतात त्या वळणाची चर्चा केली. ‘पनवेल फ्लेक्शर’ या नावाने ते ओळखले जाते. सातिवली, हालोली, कोकनेर, अकलोली, गणेशपुरी येथील उन्हाळी किनाऱ्याला समांतर ओळीने का आहेत, या प्रश्नाचा धागाही खडकांतील अशाच खोल भेगांपर्यंत नेला जातो. १९८१ मध्ये, म्हणजे वर उल्लेखिलेल्या दोन लेखांच्या पुढल्याच वर्षी, जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या बंगळूर येथील संस्थेने दख्खनच्या ज्वालामुखी प्रदेशावरील आपले तिसरे मेमॉयर काढले. सुब्बाराव व सुखेश्वाला हे त्याचे संपादक. दोघेही मुंबईत अध्यापन केलेले. समुद्रावर एका संघाचा ग्रंथ, जमिनीवर दुसऱ्या संघाचा, आणि दोहोंमध्ये एका वर्षाचे अंतर. पहिल्यामागे तेलाची निकड आणि शासनाचा पैसा होता, दुसऱ्यामागे मुख्यतः विद्यापीठांचे कुतूहल. पुढील काळात समुद्रावरचे काम ज्या गतीने वाढले त्या गतीने जमिनीवरचे वाढले नाही. याचे कारण यापलीकडे शोधण्याची गरज नाही.

जमीन अगदीच गप्प होती असेही नव्हे. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सर्वज्ञात आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यात भातसा धरणाच्या परिसरात, १९८३ मध्ये हादऱ्यांची मालिका झाली होती. २००२ च्या भारतीय मानकात हा सारा पट्टा भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात घातला गेला. तरीही डहाणू–तलासरीच्या पाड्यांत स्थानिक यंत्रांचे जाळे उभारावे अशी निकड कोणास वाटली नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये धुंदलवाडी, दापचरी, तलासरी या परिसरात जमीन हादरू लागली. एक मोठा धक्का व त्यामागून लहान धक्के, असा त्याचा क्रम नव्हता. लहान-मध्यम हादरे एकामागून एक, आठवडेच्या आठवडे येत राहिले. भूकंपशास्त्रज्ञ यास ‘स्वार्म’ म्हणतात. मराठीत भूकंपांची झुंड म्हणावे. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ प्रतीचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून घराबाहेर धावताना दोन वर्षांची एक मुलगी पडून मृत्युमुखी पडली. घरांच्या भिंतींना तडे गेले, शासनाने तंबू दिले, आणि थंडीच्या रात्री कुटुंबे अंगणात निजली. जमिनीखाली ज्वालामुखी जागा होतो आहे काय, हा प्रश्न घरोघर विचारला जाऊ लागला.

यंत्रे त्यानंतर आली. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी या परिसरात भूकंपमापक बसविले आणि हजारो सूक्ष्म हादरे नोंदले. हादरे उथळ आहेत, त्यांचा सक्रिय ज्वालामुखीशी संबंध दिसत नाही, आणि खडकांतील भेगांमधील पाणी व त्या भेगांवरील संथ सरकणे यांचा विचार केला पाहिजे, अशा दिशेने अभ्यास गेला. त्या चर्चेत पनवेल फ्लेक्शर आले, किनाऱ्यालगतच्या जुन्या भेगा आल्या. दख्खनच्या पाषाणाखाली काय आहे हा प्रश्नही आला, जो तेल-भूवैज्ञानिक नर्मदा–तापी खोऱ्यात व सौराष्ट्रात वेगळ्या हेतूने, पाषाणाखालच्या गाळखडकांत तेल आहे का हे पाहण्यासाठी, विचारीत आले आहेत. चाळीस वर्षे रेषेच्या दोन बाजूंना राहिलेले दोन अभ्यास अशा प्रकारे तलासरीच्या पाड्यांमुळे एकमेकांच्या जवळ आले.

येथे एक गोष्ट नोंदविणे अगत्याचे वाटते. याच किनाऱ्यासमोर समुद्रात पाच दशके कृत्रिम कंप निर्माण करून, त्यांची प्रत्येक परतलेली लहर टिपून भूगर्भ वाचला गेला. मुंबई हायच्या पहिल्या विहिरीत तेल कोणत्या दिवशी लागले, मुख्य साठा कोणत्या चुनखडकात आहे, त्याला तक्त्यात कोणता क्रमांक आहे, हे सारे १९८० पासून छापील आहे. धुंदलवाडीचे पहिले हादरे मात्र दूरदूरच्या केंद्रांवरून मोजावे लागले. ते नेमके किती खोलीवर झाले हे ठरविण्यास लागणारी जवळची यंत्रे तेव्हा तेथे नव्हती.